स्नो स्कूप : बर्फ न उचलता ड्राइव्हवे मोकळा करणारे अवजार

ऑटावा, माँट्रियल किंवा टोरोंटोच्या उपनगरात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या गॅरेजमध्ये पहिल्या हिवाळ्याआधी प्लॅस्टिकचे एक साधे फावडे येते, आणि दोनतीन हिवाळे काढल्यावर कंबर कुरकुरू लागली की चर्चा थेट हजार-दीड हजार डॉलरच्या स्नोब्लोअरवर, म्हणजे बर्फ खेचून लांब उडवणाऱ्या यंत्रावर, जाते. या दोहोंच्या मधले एक अवजार बऱ्याच हार्डवेअर दुकानांत मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असते, पण आपल्या मंडळींचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. इंग्रजीत त्याला स्नो स्कूप किंवा स्ले शॉव्हेल म्हणतात आणि क्वेबेकमध्ये त्रेनो. ऑटावाच्या बारहेवन भागात, आमच्या दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेवर मी ते काही हिवाळे वापरत आहे. मध्यम आकाराच्या, सपाट, डांबरी ड्राइव्हवेसाठी एवढ्या पैशांत याहून चांगली खरेदी नाही, असे माझे मत झाले आहे. हे मत सरसकट नाही. काही घरांसाठी हे अवजार अगदीच निरुपयोगी आहे, आणि ती घरे कोणती हेही सांगितले पाहिजे.

स्कूप म्हणजे पुढून उघडी असलेली, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि मागे उंच होत गेलेली एक मोठी पाटी, आणि तिच्या दोन्ही कडांना बोल्टने जोडलेली, उलट्या यू आकाराची कमरेपर्यंत येणारी नळीची मूठ. गावाकडे जमीन सपाट करताना बैलांमागे ओढली जाणारी केणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अवजार समजावून सांगायला नको, कारण तत्त्व तेच आहे : पाते टेकवून पुढे न्यायचे, माल आपोआप आत भरतो, भरलेली पाटी जमिनीवरूनच घसरत न्यायची आणि हवी तिथे रिकामी करायची. फरक एवढाच की इथे बैलाच्या जागी आपण असतो आणि ओढण्याऐवजी बहुतेक वेळ ढकलतो. साध्या फावड्यात दर खेपेला बर्फ उचलून, कंबर वळवून, बाजूला भिरकवावा लागतो. स्कूपमध्ये उचलणे जवळपास नाही आणि कंबर वळवणे तर मुळीच नाही.

या फरकाचे महत्त्व बर्फाच्या वजनात आहे, आणि नव्याने आलेल्या माणसाला त्या वजनाचा अंदाज येत नाही. नुकत्याच पडलेल्या बर्फाबाबत ढोबळ हिशोब असा धरतात की दहा सेंटिमीटर बर्फ म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. पाच मीटर रुंद आणि आठ मीटर लांब ड्राइव्हवेवर वीस सेंटिमीटर बर्फ पडला, तर तो आठ घनमीटर होतो आणि त्याचे वजन आठशे किलोच्या आसपास भरते. तापमान शून्याजवळ असेल आणि बर्फ ओला असेल तर तेच वजन सहज दुप्पट होते. १६ फेब्रुवारी २०१६ रोजी ऑटावाच्या विमानतळावर एका दिवसात ५१.२ सेंटिमीटर बर्फाची नोंद झाली होती. त्या हिशोबाने एवढ्याच ड्राइव्हवेवर दोन टन माल पडून होता, आणि तो घरातल्याच कोणीतरी हलवायचा होता.

हृदयाचा मुद्दाही इथेच येतो, आणि तो भीती घालण्यासाठी मांडत नाही. १९९५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली होती. त्यात व्यायामाची सवय नसलेल्या दहा निरोगी तरुण पुरुषांना ओला, जड बर्फ एकदा फावड्याने आणि एकदा स्नोब्लोअरने हटवायला सांगितले होते. फावड्याच्या वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १७५ पर्यंत गेले, तर यंत्राच्या वेळी १२४ पर्यंत. पुढे २०१७ मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात क्वेबेकमधल्या १९८१ ते २०१४ या काळातल्या नोंदींचा अभ्यास आला. वीस सेंटिमीटर बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि त्याने मृत्यू येण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. स्त्रियांमध्ये तसे आढळले नाही, आणि अभ्यासकांनी फावड्याकडे संशयाचे बोट दाखवले. स्कूपची चाचणी यांपैकी कोणी घेतलेली नाही, त्यामुळे तो हृदयाला सुरक्षित आहे असा दावा मी करणार नाही. हातांनी वजन उचलून धरणे आणि थंड हवेत श्वास रोखून ते फेकणे या दोन गोष्टी त्यात टळतात, एवढेच खात्रीने सांगता येते. बाकी ढकलण्याचे कष्ट आहेतच, आणि घाम येतोच.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हिवाळ्यात आईवडील किंवा सासूसासरे भारतातून आलेले असतील, तर हे अवजार सोपे दिसते म्हणून त्यांच्या हाती देऊ नये. आमचे सासरे कराडहून आले होते तेव्हा खिडकीतून पाच मिनिटे पाहून, कानटोपी चढवून बाहेर आले आणि म्हणाले, “जावईबापू, द्या इकडे, ह्यात काय अवघड आहे?” सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या माणसाने उणे बारा अंशांत पहिल्यांदा करायचे हे काम नव्हे. त्यांना पायऱ्यांवर मीठ टाकायचे काम दिले आणि ते त्यांनी अतिशय चोखपणे केले.

आता वापराविषयी. विकणारा हे कधीच सांगत नाही आणि पाटीवर चिकटवलेल्या चित्रातूनही काही कळत नाही. मला ते समोर राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या फ्रेंच भाषक शेजाऱ्यांकडे पाहून कळले. ते घाईघाईने ढकलत नाहीत. पाते बर्फात घालताना मूठ किंचित वर असते. पाटी दोनतृतीयांश भरली की ते मूठ खाली दाबतात, त्यामुळे पात्याची कड जमिनीपासून बोटभर सुटते आणि सगळा भार पाटीच्या गुळगुळीत तळावर येतो. मग भरलेली पाटी ड्राइव्हवेवरच्या पातळ बर्फावरून आपसूक घसरत जाते. जागेवर पोचल्यावर ते मूठ पुढे लोटत नाहीत, तर पाटी एका झटक्यात स्वतःकडे ओढतात. बर्फ जडत्वामुळे जागीच राहतो आणि पाटी रिकामी होऊन हातात येते. हा झटका जमला की निम्मे काम जमले. पाटी काठोकाठ भरण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण भरून वाहणारी पाटी ढकलता येते, पण ढिगावर चढत नाही.

ढिगावर चढवणे हाच या अवजाराचा खरा कस आहे आणि त्याची खरी मर्यादाही. फावड्याने बर्फ छातीइतक्या उंच भिंतीवरून पलीकडे फेकता येतो, स्नोब्लोअर तर तो कित्येक मीटर लांब उडवतो. स्कूपला मात्र चढण लागते. त्यामुळे डिसेंबरातल्या पहिल्या दहा सेंटिमीटरपासूनच बर्फ कुठे जाणार हे ठरवावे लागते. आळस करून तो ड्राइव्हवेच्या कडेलाच लोटत राहिले, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना उभ्या भिंती तयार होतात आणि त्यांच्यावर स्कूप चढवणे अशक्य होते. योग्य रीत अशी की पहिल्या काही वेळी बर्फ अंगणाच्या अगदी मागच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथून हळूहळू पुढे सरकत यायचे. ढिगाची ड्राइव्हवेकडची बाजू मुद्दाम उतरती ठेवायची आणि तोच उतार रिकाम्या पाटीने थोपटून घट्ट करायचा. रात्रभरात तो गोठून टणक होतो आणि पुढच्या वेळी त्याच्यावरून भरलेली पाटी सरळ वर नेता येते. आमच्या अंगणात मार्चपर्यंत माणसाच्या खांद्याइतका उंच ढीग होतो. मुले त्याच चढणीवरून स्लेडने घसरतात, आणि त्यामुळे ती आणखी गुळगुळीत होते, हा अनपेक्षित फायदा.

ज्यांच्या घरापुढे असे अंगणच नाही, त्यांनी स्कूप विकत घेऊ नये. टाउनहाउसच्या ओळीत, जिथे दोन ड्राइव्हवेंच्या मधे गवताची जेमतेम दीड मीटरची पट्टी असते आणि शेजाऱ्याचाही बर्फ तिथेच यायचा असतो, तिथे चढण करायला जागा नसते. तिथे उचलून उंच टाकणारे फावडेच कामाचे. तीव्र उताराच्या ड्राइव्हवेवरही जपून. भरलेली पाटी उतारावर माणसाला ओढत नेते, आणि वर ढकलायची म्हटली तर पायच घसरतात. गाड्या बाहेर उभ्या असतील तर त्यांच्यामधल्या अरुंद जागेत पाटी वळत नाही. पायऱ्यांवर तर तिचा काहीच उपयोग नाही.

आणखी एक जागा अशी आहे जिथे स्कूप हात टेकतो, आणि ती टाळता येण्याजोगी नाही. वादळ ओसरल्यावर नगरपालिकेचा प्लाऊ येतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला सारताना आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी एक बांध घालून जातो. आतल्या गल्ल्यांचा नंबर शेवटी लागत असल्याने, आपण सकाळी सगळे स्वच्छ करून आत चहाला बसलो की नेमका तेव्हाच तो येतो, असा इथल्या प्रत्येकाचा समज आहे आणि तो फारसा चुकीचा नाही. हा बांध आकाशातून पडलेल्या बर्फासारखा नसतो. त्यात मीठ, खडी, गाड्यांच्या चाकांखाली दबलेले करडे गोळे आणि कलिंगडाएवढे बर्फाचे धोंडे असतात. दाबला गेल्याने तो ताज्या बर्फाच्या तिप्पट-चौपट जड झालेला असतो, आणि दोन तास तसाच राहिला तर गोठतो. प्लॅस्टिकच्या स्कूपचे पाते त्यात घुसत नाही. पोलादी कड असलेल्या अरुंद फावड्याने आधी बांध फोडायचा, त्याचे तुकडे पाटीत लोटायचे आणि मग पाटी ओढून न्यायची, हा एकच मार्ग आहे. ते तुकडे परत रस्त्यावर ढकलण्याचा विचारही करू नये. ओंटारियोच्या हायवे ट्रॅफिक कायद्यानुसार परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे स्कूप घेतला तरी जुने फावडे फेकून देऊ नये. स्कूपच्या किमतीत त्या दुसऱ्या फावड्याचीही किंमत धरूनच हिशोब करावा.

बर्फाच्या जातीनुसार स्कूपची वागणूक बदलते. उणे पाच ते उणे दहा अंशांत पडलेला भुसभुशीत बर्फ त्याला सर्वांत मानवतो. अशा सकाळी काम इतके सुरळीत होते की शेजारी स्नोब्लोअर सुरू करण्यासाठी दोरी ओढत असताना आपला निम्मा ड्राइव्हवे झालेला असतो. उणे पंचविसाच्या आसपास बर्फ कणीदार आणि खरखरीत होतो, पाटी पूर्वीइतकी घसरत नाही, पण काम अडत नाही. खरी कटकट शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फाची. तो पाटीच्या आत चिकटून बसतो, झटका मारूनही सुटत नाही, आणि चारपाच खेपांनंतर आपण बर्फाऐवजी बर्फाने लडबडलेली पाटीच इकडून तिकडे नेत आहोत असे लक्षात येते. आतून सिलिकोनचा फवारा मारला किंवा साधी मेणबत्ती घासली तर हे पुष्कळ कमी होते, मात्र पाटी त्याआधी बाहेरच्या थंडीत ठेवलेली हवी. उबदार गॅरेजमधून आणलेल्या पाटीला बर्फ आधी वितळून लागतो आणि मग गोठतो. फ्रीझिंग रेनपुढे, म्हणजे जमिनीवर पडताच गोठणाऱ्या पावसापुढे, स्कूपचे काहीच चालत नाही. १९९८ च्या जानेवारीत ऑटावा ते माँट्रियल पट्ट्याने जे हिमकवच सोसले, तसे काही झाले तर पोलादी खरवडणी आणि मीठ यांनाच शरण जावे लागते. आणि मीठही नेहमीचे, म्हणजे सोडियम क्लोराइड असेल, तर उणे दहाच्या खाली ते जवळपास निकामी ठरते.

प्लॅस्टिकचा घ्यावा की पोलादी, हा प्रश्न दुकानात उभे राहिल्यावरच पडतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तरेकडच्या अपर पेनिन्सुला भागात जस्तलेपित पोलादी स्कूप वर्षानुवर्षे वापरात आहेत आणि तिथल्या लोकांच्या नावावरून तो ‘यूपर स्कूप’ म्हणूनच ओळखला जातो. तिथल्या कीविनॉ काउंटीत १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे जवळपास दहा मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे, तेव्हा त्यांच्या पसंतीला वजन द्यायला हरकत नाही. पोलादी पात्याची कड दबलेल्या बर्फातही शिरते आणि थंडीत तडकत नाही. पण ते जड असते, त्याचा लेप खरवडला गेला की गंज धरतो आणि ओला बर्फ त्याला प्लॅस्टिकपेक्षा जास्त चिकटतो. आमच्यासारख्या डांबरी ड्राइव्हवेवर, जिथे बर्फ पडल्यापडल्या हटवला जातो, तिथे प्लॅस्टिकचाच स्कूप बरा. इंटरलॉकच्या, म्हणजे एकमेकींना लागून सुट्या बसवलेल्या, फरशा असतील तर दोन्हींचा त्रास. एखादी फरशी जरी अर्धा सेंटिमीटर वर आलेली असली, तरी पाते तिला अडून पाटी जागच्या जागी थांबते आणि मुठीचा दांडा थेट पोटात बसतो. खडीच्या ड्राइव्हवेवर पहिल्या दोन वादळांत निम्मी खडी हिरवळीवर जाईल.

स्नोब्लोअर आणि कंत्राट या दोन पर्यायांशी तुलना टाळता येणार नाही. मोठा ड्राइव्हवे, तीन गाड्या, आणि दर वादळानंतर प्लाऊचा मोठा बांध अशी परिस्थिती असेल, तर दोन टप्प्यांच्या (एका पात्याने बर्फ आत ओढून दुसऱ्याने उडवणाऱ्या) स्नोब्लोअरला पर्याय नाही, हे मान्य करतो. पण त्याला गॅरेजमधली जागा, पेट्रोल, तेल, आणि बांधातला एखादा दगड अडकला की तुटणारी पिन बदलण्याचे कसब लागते. शिवाय पहाटे पाचला तो सुरू केला तर शेजाऱ्यांचे प्रेम आटते. ऑटावात त्याहून जास्त प्रचलित आहे ते हंगामी कंत्राट : नोव्हेंबरात कंत्राटदाराची माणसे ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना खुणेच्या काठ्या रोवून जातात आणि मग वादळानंतर मागे उलटा ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर येऊन मिनिटभरात सगळे उडवून जातो. हंगामाचे काहीशे डॉलर मोजण्याची तयारी असेल तर हा मार्ग सुखाचा आहे. अडचण वेळेची आहे. आमच्या भागातल्या एका कंत्राटदाराचा आम्ही एका हंगामात अनुभव घेतला. ट्रॅक्टर यायचा, पण बहुतेकदा आम्ही ऑफिसला आणि मुले शाळेला गेल्यानंतर, आणि तोवर फावड्याने निम्मे काम आम्हीच केलेले असायचे. ज्यांना सकाळी सातला निघावे लागत नाही त्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटेल.

दोष मोजायचे तर पहिला जोडणीचा. बहुतेक स्कूप खोक्यात सुट्या भागांत येतात आणि मूठ पाटीला चार किंवा सहा बोल्टने जोडावी लागते. आमच्या पाटीबरोबर आलेल्या नटांना लॉकवॉशर, म्हणजे नट सैल होऊ न देणाऱ्या चकत्या, नव्हते. पहिल्या महिन्यातच धक्क्यांनी ते सैल झाले, एक नट बर्फात पडला आणि एप्रिलमध्ये गवतात सापडला. नायलॉनची आतली कड असलेले नट वेगळे आणून बसवले, तेव्हापासून तक्रार नाही. दुसरा दोष पात्याच्या कडेचा. डांबरावर घासून ती झिजते आणि मधोमध किंचित वर उचलल्यासारखी होते, त्यामुळे शेवटचा पातळ थर मागे राहतो. कड बदलता येईल असे नमुने मिळतात, ते थोडे महाग असले तरी तेच घ्यावेत. तिसरे म्हणजे नळीच्या मुठीवर फोमचे आवरण नसेल तर पातळ हातमोज्यांतून पोलादाची थंडी थेट हाडात जाते. सायकलच्या हँडलची टेप गुंडाळली की हा प्रश्न मिटतो. उन्हाळ्यात ठेवायची जागा हा चौथा, पण भिंतीवर दोन मोठे खिळे ठोकून तो उलटा टांगता येतो.

माझ्या लेखी याला पाचपैकी चार गुण. एक गुण बांधापुढच्या आणि ओल्या बर्फापुढच्या शरणागतीसाठी कापला. किंमत साधारण साठ ते नव्वद कॅनेडियन डॉलर आणि त्यावर ओंटारियोतला १३ टक्के कर. खरेदी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला करावी, कारण पहिल्या मोठ्या वादळाचा अंदाज जाहीर झाला की दुकानातले चांगले नमुने एका संध्याकाळीत संपतात आणि उरतात ते अरुंद, आखूड मुठीचे. दुकानात पाटी जमिनीवर ठेवून, मूठ धरून सरळ उभे राहून पाहावे. मूठ बेंबीच्या खाली येत असेल तर तो स्कूप उंच माणसाने घेऊ नये, कारण वाकून ढकलावे लागले तर कंबरेचा जो त्रास वाचवायला निघालो तोच परत येतो. घरातली दोन माणसे आळीपाळीने वापरणार असतील, तर मुठीची उंची बदलता येणारा नमुना शोधावा, आणि तो मिळाला नाही तर जास्त वेळा कोण बाहेर जाणार हे आधी घरात ठरवून त्याच्या मापाचा आणावा.